चरायला गेलेले फोन

“ताई, फोन जड झालाय.”

जव्हारच्या बाजारपेठेतल्या माझ्या दुकानात येणाऱ्या बहुतेक गिऱ्हाइकांचं पहिलं वाक्य हेच असतं. शहरातला माणूस फोन हँग होतो म्हणतो, स्लो झाला म्हणतो. आमच्याकडे तो जड होतो. काही जण तर तळहातावर तोलून दाखवतात, जणू गेल्या महिन्यापेक्षा वजन खरंच वाढलंय. मी हसत नाही, कारण त्यांचं म्हणणं बरोबर आहे. फोन तोच असतो, आतला प्रोग्राम मात्र दर नव्या आवृत्तीबरोबर फुगत जातो आणि जुन्या फोनला तो उचलवत नाही.

मी संगणकाची पदविका नाशिकला घेतली आणि परत येऊन इथे क्लास काढला. आधी टायपिंग, मग कॉम्प्युटर, मग दुरुस्ती. कोणी सांगितलं तर लहानसहान प्रोग्रामही लिहून देते. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत जे चालतं ते मोठं काम. माझं काम म्हणजे एखाद्याची एकच अडचण ओळखायची आणि तेवढीच सोडवायची. या धंद्यात माझं पोट नीट भरलं आहे, तक्रार काही नाही.

मोखाड्याच्या रस्त्याला दामूशेठची भातगिरणी आहे. कुणाचं किती भात आलं आणि किती तांदूळ झाला एवढंच सांगणारा प्रोग्राम मी त्यांना फार वर्षांपूर्वी लिहून दिला. काळा पडदा, पांढरी अक्षरं. तो कॉम्प्युटर अजून चालतो. तुसाची धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर एक टॉवेल असतो, आणि काम आलं की शेठ तो टॉवेल आधी खांद्यावर टाकतात, मग बटण दाबतात. इंटरनेट त्याने आयुष्यात पाहिलेलं नाही. मध्यंतरी मीच म्हटलं, “शेठ, आता नवीन करून देते. रंगीत.”

“रंगीत केल्यावर तांदूळ जास्त निघेल का?”

“नाही.”

“मग राहू द्या. तुम्हाला चहा सांगू का?”

दुसरे आमचे फोटो स्टुडिओवाले अनंतराव. त्यांनी हौसेने फोटोच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती घेतली. नव्या आवृत्तीत माणसाच्या मागचं आभाळ बदलता येतं, दात पांढरे करता येतात, वय कमी करता येतं. अनंतरावांना हवा होता पासपोर्टचा फोटो कापायचा चौकोन. तो कुठल्या तरी यादीच्या आतल्या यादीत जाऊन बसला होता. मी शोधून दिला, तर पुढच्या आवृत्तीत तो पुन्हा हलला. आता त्यांच्या टेबलावर नवा कॉम्प्युटर आहे आणि टेबलाखाली जुना. “वरचा गिऱ्हाइकाला दाखवायला, खालचा कामाला,” असं ते उघड सांगतात.

प्रोग्राम जड का होतो, हे बाहेरच्या माणसाला सांगायचं तर असं सांगता येईल. पूर्वी मशीन लहान होतं, त्यात जागा थोडी, म्हणून लिहिणारा जपून लिहायचा. आता मशीन मोठं झालं तशी जपायची सवय गेली. शिवाय हल्ली सगळं स्वतः कोणी लिहीत नाही; तयार भाग आणून जोडतात. तारीख दाखवायची असेल तर तारखेचा तयार भाग आणायचा, त्याच्याबरोबर जगातल्या सगळ्या देशांची पंचांगं आपोआप येतात. एक नाचणीची भाकरी थापायला कोणी अख्खी गिरणी घरात आणत नाही. आमच्या धंद्यात आणतात, आणि गिरणी घरात ठेवूनच पुढच्या भाकरीला लागतात. आणि जे एकदा आत आलं ते बाहेर काढणं कोणाचंच काम नसतं.

एवढं मला पूर्वीपासून माहीत होतं. शेवटच्या वाक्यातली अडचण मात्र मला नीट कळली ती मोगऱ्याच्या ॲपमुळे, आणि हा लेख त्याच्याबद्दल आहे.

आमच्याकडे आता डोंगरातल्या बऱ्याच पाड्यांवर मोगरा आहे. पाणी असेल तिथे भाताच्या जोडीला थोड्या जागेत लावतात. मोगरा विकतात तो कळी असताना. आज दुपारी झाडाकडे बघून उद्या किती कळी निघेल हे बाया सांगतात, पहाटे खुडायला लागतात, सकाळी पिशव्या गाडीत, दुपारी माल दादरच्या फूलबाजारात. संध्याकाळपर्यंत कळी उमलते. उमलली की ती फूल होते, आणि फुलाला घाऊक बाजारात कोणी विचारत नाही.

त्यामुळे सगळा खेळ गाडीचा. आमच्या भागातली गाडी विलासची. पिकअप त्याची स्वतःची, चालवतोही स्वतः, बोलायला फटकळ. आमच्या तालुक्यातल्या वांगणी गावाच्या पलीकडे एक पाडा आहे. तिथला रस्ता असा की विलास त्याला रस्ता म्हणत नाही, ‘चढण’ म्हणतो. माल असेल तरच तो चढण चढायचा, आणि माल आहे की नाही हे त्याला आदल्या संध्याकाळी कळायला हवं. पाड्यात रेंज नाही. वर माळावर आहे.

याच्यावर त्या बायांनी स्वतःच एक रीत काढली होती. पाड्यातली लाडकीबाई रोज दुपारी शेळ्या घेऊन माळावर जाते. जाताना ती घराघरांतून फोन गोळा करते, एका कापडी पिशवीत घालते आणि पिशवी माळावरच्या झाडाला टांगून ठेवते. दुपारभर निरोप येतात-जातात. शेळ्यांबरोबर फोन खाली येतात. “फोन चरायला नेले” असंच पाड्यात म्हणतात. कोणाला फोन हवा असेल तर उत्तर मिळतं, “चरायला गेलाय, दिवस मावळला की येईल.”

या रीतीवर मी ॲप बसवलं. पाड्यातल्या बचत गटाची यमुना, ती सातवी शिकलेली आणि हिशेबाला पक्की, विलासला घेऊन माझ्याकडे आली होती. मी तीन बटणं केली. ‘माल आहे’, ‘माल नाही’ आणि ‘किती पिशव्या’. बटण दुपारी घरीच दाबायचं. फोन ते लक्षात ठेवायचा आणि माळावर रेंज आली की पाठवायचा. विलासला जव्हारमध्ये यादी दिसायची. अख्खं ॲप एका फोटोपेक्षा लहान होतं. मला त्याचा अभिमान आहे, तो लपवत नाही.

ते चाललं. इतकं बरं चाललं की एका संस्थेने ते पाहिलं आणि आणखी तालुक्यांत न्यायचं ठरवलं. ठाण्याच्या एका कंपनीला पुढचं काम दिलं. माझ्याकडे ‘स्थानिक सहाय्य’ हे पद आलं, म्हणजे बिघडलं की लोक मला शिव्या देणार. मी आनंदाने ॲप दिलं. चार तालुक्यांचं काम माझ्या एकटीच्या दुकानातून झालं नसतं.

मग आवृत्त्या यायला लागल्या. पहिल्या पडद्यावर संस्थेचं चिन्ह आलं, हळूहळू उमलणारं. हवामान आलं. मालाचा फोटो पाठवायची सोय आली. मोगऱ्यावरच्या किडीचे व्हिडिओ आले, सणांच्या शुभेच्छा आल्या, गाडीवाल्याशी बोलायला ‘गप्पा’ आल्या. बैठकांना मी फोनवरून हजर असायचे. खरं सांगायचं तर एकही मागणी वेडगळ नव्हती. हवामान कृषीवाल्यांना हवं होतं. फोटो बाजारातल्या व्यापाऱ्याला हवा होता. शुभेच्छा संस्थेच्या साहेबांना. प्रत्येक गोष्टीमागे एक शहाणा माणूस उभा होता. सगळ्या शहाण्यांचं मिळून जे तयार झालं ते उघडायला लावलं की यमुना चुलीवर भाताचं आधण ठेवून यायची.

शेवटची आवृत्ती आली ती कुलूप घेऊन. ॲप उघडताना फोनवर एक कोड येणार, तो दोन मिनिटांत भरायचा, तोही रोज. कंपनीतला इंजिनिअर निखिल, त्याला मी फोन करून सांगितलं की पाड्यात रेंज नाही. तो सभ्य माणूस. म्हणाला, “नोंद घेतो, मॅडम.” नोंद घेतलीही असेल.

एके दिवशी लाडकीबाईची पिशवी नेहमीसारखी माळावर टांगली होती. त्या दुपारी नवी आवृत्ती आली आणि पिशवीतले जवळजवळ सगळे फोन आपोआप नवे होऊन खाली आले. गेले तेव्हा चालणारे फोन संध्याकाळी बंद दाराचे झाले. दुसऱ्या दिवशी बायांनी घरीच बटण दाबलं, तर कोड मागितला. मी लिहिलेला ‘रेंज आल्यावर पाठव’ हा भाग कंपनीने तसाच ठेवला होता, त्यामुळे कोडची मागणीसुद्धा पिशवीत बसून माळावर गेली, आणि कोड आले ते शेळ्यांकडे.

लाडकीबाईने मला नंतर सांगितलं, “झाडाला लावलेली पिशवी एकदम वाजाय लागली, बाय. सगळे फोन एकदम. मी म्हटलं कोन मेलं का काय. शेळ्या पळाल्या.”

कोड वाचून कोणाच्या फोनात भरायचा हे तिला कसं कळणार. ती खाली येईपर्यंत दोन मिनिटं केव्हाच उलटली होती. मग यमुना एक दिवस स्वतः माळावर चढली आणि कोड भरून आली. पण कोड रोजचा, आणि दुपार ही पाणी द्यायची वेळ. सगळ्यांनी रोज माळ चढायचा तर मोगऱ्याला पाणी कोण घालणार.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की एक फोन अजून जुनाच आहे, लाडकीबाईचा. तिच्या फोनात भाच्याच्या लग्नातले तारप्याच्या नाचाचे व्हिडिओ ठासून भरलेले, नव्या आवृत्तीला शिरायला जागाच मिळाली नव्हती. बायांनी विचार केला की माल काय, पाड्याचाच आहे, कोणाच्या का फोनातून जाईना. अख्ख्या पाड्याच्या पिशव्या त्यांनी लाडकीबाईच्या नावावर टाकल्या. त्यांच्या बाजूने बघितलं तर यात चूक काही नाही. पाड्यात लावणीही अशीच होते, सगळे मिळून एकाच्या शेतात.

ठाण्याच्या कॉम्प्युटरला लावणी माहीत नाही. एका बाईचा एवढा माल म्हणजे बोट चुकून पडलं असणार, असं त्याने ठरवलं आणि नोंद तपासणीसाठी बाजूला ठेवली. विलासच्या यादीत पाडा आलाच नाही. तो खालूनच निघून गेला.

त्या दिवशी दुपारी यमुना एसटीने जव्हारला आली आणि मोगऱ्याच्या दोन पिशव्या माझ्या काउंटरवर ठेवल्या. वर गुंडाळलेलं ओलं पोतं काढलं तशी कळ्या उमलायला लागलेल्या दिसल्या. दुकानभर वास. रिचार्जला आलेला एक माणूस विचारायला लागला, “काय, लग्न आहे का कुणाचं?”

“मयत आहे,” यमुना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “ताय, हे तुमच्या ॲपनं केलं.”

“ते आता माझं नाही, यमुना.”

“मंग कोणाचं?”

संस्थेचं म्हणावं तर त्यांनी कंपनीला दिलं, कंपनीचं म्हणावं तर ते संस्थेने सांगितलं तेच करतात.

“बाकीच्या पिशव्या कुठे आहेत?” मी विचारलं.

“पाड्यात. सगळ्या बाया डोकीभर गजरे घालून बसल्यात. पोरींनी शेळ्यांना पण घातले. हसतात, पण बेस नाय हे. परत झालं तर काय करू?”

गाडी परत आल्यावर विलासला मी दुकानात बोलावलं. तो दारातच उभा राहिला. “मॅडम, मी दोषी नाही. यादीत नाव नाही, मी चढण का चढू?”

“दोष देत नाही. उद्या जा.”

“उद्या जातो. पण यादी नसताना रोज जाणार नाही. तिकडे जाऊन यायला जो वेळ जातो त्यात गाडीत आधी भरलेला साखरशेत गावचा माल तापतो. ते लोक मला काय म्हणतील? एक आठवडा बघतो. नाही जमलं तर पाडा सोडतो, मग मला बोलायचं नाही.”

त्याचंही खरं होतं. आणि पाडा सोडला तर काय होणार हे आम्हा दोघांना माहीत होतं. दुसरी गाडी तिकडे जात नाही. मोगरा लावण्याआधी त्या पाड्यातली बहुतेक घरं भात झोडून झालं की जगायला जायची, भिवंडीला, वसईला, नाहीतर विटांच्या भट्टीवर. म्हातारी माणसं मागे, पोरं बरोबर, शाळा बंद. मोगऱ्याने त्यातली बरीचशी घरं थांबवली होती. मोगरा खाता येत नाही आणि ठेवताही येत नाही. गाडी नसेल तर ते नुसतं झुडूप आहे.

निखिलला फोन लावला. “तू इथे ये,” मी म्हटलं. “फोनवर मला सांगता येणार नाही.”

“या आठवड्यात कठीण आहे, मॅडम. हां, पण रविवारी बायकोला घेऊन तुमच्याकडचा शिरपामाळ बघायला यायचं चाललंय आमचं.”

“ये. मी दुसरा माळ पण दाखवते.”

आला. बायकोला माझ्या बहिणीकडे जेवायला बसवलं आणि आम्ही मोटरसायकलवर पाड्याच्या वरच्या माळावर गेलो. लाडकीबाई शेळ्यांसकट तिथे होतीच. निखिलने स्वतःचा फोन काढला आणि ॲप झटक्यात उघडलं. तो खुश झाला. “बघा, चालतंय की.” मग यमुनाच्या फोनवर त्याने तेच उघडलं. चिन्ह उमलायला लागलं. लाडकीबाई शेजारी येऊन उभी राहिली.

“हे फूल कवा फुलल?” तिने विचारलं. “आमचं पहाटे खुडतात, ते पण फुलून जाइल.”

निखिल हसला आणि दगडावर बसला. मी म्हटलं, “कुलूप काढ, चिन्ह काढ, शुभेच्छा काढ. मला जुनं ॲप दे.”

“देता आलं असतं तर दिलं असतं. मॅडम, घालायला एका माणसाची परवानगी लागते. काढायला सगळ्यांची लागते. शुभेच्छा काढल्या तर साहेब विचारणार का काढल्या, कोणी तक्रार केली का? तक्रार तर कोणीच केलेली नाही.”

“तुला स्वतःला काय वाटतं?”

“मला वाटतं जड झालंय. पण वर्षाअखेरीला मला दाखवावं लागतं की मी नवं काय केलं. काढलेलं कसं दाखवू? जिथे होतं तिथे मोकळी जागा दिसते.”

हे ऐकून मला राग यायला हवा होता. आला नाही. त्याने माझ्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर एका वाक्यात देऊन टाकलं होतं. आम्ही तिथे बसूनच एक वाट काढली. मोठं ॲप आहे तसं राहील. त्याच्या शेजारी रेंज नसलेल्या पाड्यांसाठी एक हलकी आवृत्ती असेल, तिला कुलूप नाही, ती मी लिहीन, आणि तिच्यातून आलेला माल पाड्याच्या नावाने स्वीकारायची सोय तो ठाण्याला करेल. ‘नवी आवृत्ती’ म्हणून त्याला ती वर्षाअखेरीला दाखवताही येईल. ही युक्ती त्याची. मला ती आवडली.

जाण्याआधी त्याने फक्त एवढं सांगितलं, “काय काढायचं ते एकदा वापरणाऱ्यांना विचारून घ्या.”

विचारायचं काय, मला माहीत होतं. तीन बटणं ठेवायची, बाकी सगळं झाडून टाकायचं. तरी त्याने सांगितलं होतं म्हणून दोन दिवसांनी पाड्यात गेले. बाया ओसरीवर बसल्या होत्या. मी एकेक नाव घेत गेले. शुभेच्छा? काढा. व्हिडिओ? एकदा बघितले, काढा. हवामान? “आभाळ वर दिसतं, ताय,” यमुना म्हणाली. फोटो? काढा. गप्पा?

मी तेही खोडायला निघाले.

“गप्पा काढू ना?”

चंदरी म्हणून एक बाई आहे, तिचा नवरा बऱ्याच दिवसांपासून आजारी. ती म्हणाली, “ते नका काढू.”

“का? तुला लिहिता कुठे येतं?”

“लिहीत नाय. बोलते त्यात. विलासभाऊला सांगते गोळ्या आण, तो सकाळी आणतो.”

मग सगळ्या बोलायला लागल्या. मीठ, तेल, पोरांच्या वह्या, कोंबड्यांचं औषध. गप्पांमध्ये बोललेलं फोन साठवून ठेवायचा आणि माळावर गेला की विलासला मिळायचं. पाड्यापासून दुकान लांब आहे. विलास जव्हारहून निघताना सामान घेऊन यायचा. यातलं त्याने मला कधी सांगितलं नव्हतं, त्यांनीही नाही. मी जे पहिल्याच फटक्यात काढणार होते ते चंदरीच्या घरातलं औषध होतं.

“बरं,” मी म्हटलं. “बोलायचं बटण राहील. मग चार होतील.”

“तीनच बेस होती,” यमुना म्हणाली. “ते ‘माल नाही’ काढा. माल नाय तर नाय, ते सांगायला कोण बटण दाबतं?”

मी ताबडतोब त्या बटणाची बाजू घेतली. तुम्ही काहीच दाबलं नाही तर माल नाही की फोन चरायला गेलाच नाही, हे विलासला कसं कळणार? लाडकीबाई आजारी पडली तर? मी चांगली दहा मिनिटं बोलले. यमुनाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ठेवा. तुमचं आहे म्हणून ठेवा.”

कारण खरंच पक्कं होतं, आजही मी ते बदलणार नाही. पण परतीच्या वाटेवर लक्षात आलं की बैठकीत साहेब शुभेच्छांची बाजू अगदी याच आवाजात घेत होते.

हलकी आवृत्ती मी चार बटणांची केली. पाड्यात जाऊन प्रत्येक फोनात स्वतः घातली आणि आपोआप नवं होण्याची सोय प्रत्येक फोनात बंद केली. लाडकीबाईच्या फोनात घालायला जागा नव्हती. मी तिला म्हटलं, “एखादा नाच काढावा लागेल.”

तिने सगळे व्हिडिओ एकेक करून मला बघायला लावले. “हा भाचा. हा त्याचा सासरा, दारू पिऊन नाचतो. हा काढा.” सासरा काढला. ॲप बसलं.

विलासने दिलेल्या आठवड्यातला आता एक दिवस शिल्लक होता. मी त्याला सांगून ठेवलं की उद्या मी गाडीत येणार. त्या संध्याकाळी त्याच्या यादीत पाडा आला, पिशव्यांसकट, आणि त्याच्याखाली चंदरीचा आवाज: “गोळ्या त्याच, नि साबण आण.”

सकाळी आम्ही साखरशेतचा माल घेतला आणि वांगणीकडे वळलो. मागे ओल्या पोत्यांखाली कळ्या, पुढे विलासच्या पायाशी औषधाची पुडी, साबण आणि कोणाची तरी चप्पल. चढणीच्या अलीकडे तो म्हणाला, “मॅडम, आता तुम्ही लिहितायच तर एक काम करा. मी खालच्या वळणावर आलो की त्यांना कळेल असं काही तरी टाका त्यात. मी वर पोचतो तेव्हा अर्ध्या बाया घरात असतात. थांबावं लागतं, माल तापतो. एकच बटण. ‘गाडी आली’.”

मागणी रास्त होती. मी मनात ते बटण कुठे बसेल हेसुद्धा बघायला लागले होते. मग त्याच्याकडे बघितलं.

“त्यांना रेंज नाही, विलास.”

“हां, ते पण आहे.”

“हॉर्न चालतो का तुझा?”

“चालतो.”

“मग वाजव.”

त्याने वळणावर गाडी थोडी हळू केली आणि हॉर्न दाबून धरला. आवाज दरीतून पलीकडे गेला. वरच्या अंगाला झाडांमध्ये एक लुगडं हललं, मग दुसरं, आणि पिशव्या डोक्यावर घेतलेल्या बाया ओळीने चढणीच्या तोंडाशी उतरायला लागल्या. आम्ही पोचलो तेव्हा चंदरी सगळ्यांत पुढे होती. विलासने इंजिन बंदही केलं नाही.